इंजिनाची बाही

इंजिनाचा गळा मोठा करायचा, हे टेलर मास्तरांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या हातात एका जाडजूड गिऱ्हाइकाची मान होती. गिऱ्हाईक जुन्या शर्टाचं वरचं बटण ओढूनताणून लावून आलं होतं आणि दोन वाक्यं बोलताना त्याला धाप लागत होती. मास्तरांनी ते बटण सोडलं. गिऱ्हाइकाने मोठा श्वास घेतला, त्याच्या तोंडावर रंग आला, आणि ते ताज्या दमाने आपल्या शेजाऱ्याला नावं ठेवायला लागलं. मास्तरांचं लक्ष मात्र दुकानासमोर उभ्या असलेल्या आपल्या लाल गाडीकडे गेलं होतं. हिचंही हेच दुखणं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. मास्तरांच्या मनाने एकदा घेतलं की ते परत काढून घेणं कोणाच्या बापाला जमलेलं नव्हतं.

गाडी छोटीशीच, पण टर्बोवाली होती. म्हणजे इंजिनाला हवा नुसती ओढून घ्यावी लागत नाही, एक पंखा ती दाबून आत कोंबतो. चढावर ही गाडी उडते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मास्तरांच्या हातात आल्यापासून मात्र ती एकदाही वेळेवर कुठे पोचली नव्हती. आता ती वेळेवर पोचत नव्हती, कारण मास्तर ती वेळेवर काढतच नव्हते. दहाला द्यायचा सूट पावणेदहाला इस्त्रीखाली असायचा. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त मास्तरांना नव्हतं. चढावर पाय दाबून धरत ते म्हणायचे, "बघ, बघ कशी कण्हतेय. श्वास पुरत नाही हिला."

हे ऐकायला शेजारच्या सीटवर मांडीवर सूट घेऊन त्यांची बायको बसलेली असायची. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. काजं, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांची समजूत काढणं, अशी चार खाती वहिनींकडे होती आणि चौथ्या खात्यात काम सगळ्यात जास्त होतं. सव्वीस वर्षं त्या काउंटरवर उभ्या राहून "उद्या नक्की" म्हणत आल्या होत्या. मास्तरांच्या हातात कसब होतं, यात वादच नाही. त्यांनी शिवलेला कोट माणूस गेला तरी टिकायचा. पण माणूस असेपर्यंत तो मिळेल याची खात्री नसायची.

आणि मग मिस्त्री कोट शिवायला आले. मिस्त्री म्हणजे चढाच्या पायथ्याशी गॅरेज असलेले, मास्तरांची गाडी सांभाळणारे. चढाच्या माथ्यावर तंत्रशाळा होती. तिथल्या नव्या कार्यशाळेचं उद्घाटन शनिवारी दहा वाजता मिस्त्रींच्या हस्ते व्हायचं होतं आणि नंतर त्यांना मुलांसमोर चार शब्द बोलायचे होते. बत्तीस वर्षं ज्या माणसाने गाड्यांच्या पोटाखाली पडून काढली, तो जन्मात पहिल्यांदा कोट घालणार होता. माप देताना ते इतके अवघडले होते की मास्तरांना त्यांचे हात अंगापासून सोडवून घ्यावे लागले.

मिस्त्री गेल्यावर वहिनींनी मापाची वही मिटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा कोट शनिवारी दहाच्या आत मिस्त्रींच्या अंगावर चढला नाही, तर सोमवारपासून मी समोर जाते."

समोर म्हणजे तयार कपड्यांचं दुकान. तिथल्या मालकाने कपडे मापाप्रमाणे आत-बाहेर करून द्यायला वहिनींना दोनदा विचारलं होतं.

मास्तर हसले. "तिथे काय आहे?"

"तिथे कपडा आधी शिवतात. गिऱ्हाईक मग येतं."

मास्तर आणखी थोडं हसले आणि मग थांबले, कारण त्या हसत नव्हत्या.  वहिनींशिवाय दुकान म्हणजे काय, हे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. बटणांचे डबे कुठे असतात, हेही त्यांना माहीत नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याने त्याच क्षणी कात्री उचलली असती. मास्तरांनी गाडीची किल्ली उचलली आणि मिस्त्रींचं गॅरेज गाठलं.

"थ्रॉटल मोठा बसवा," त्यांनी सांगितलं. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा जाते त्या तोंडाची झडप. आपण पायाने पॅडल दाबतो तशी ती उघडते.

मिस्त्रींनी हात पुसत समजावून सांगितलं. ही टर्बोची गाडी आहे, हवा पंखाच ढकलतो, झडप मोठी केली म्हणून जास्त हवा येणार नाही. दार मोठं करून काय उपयोग, मागची बोळ तेवढीच आहे. उलट पाय जरासा लागला तरी झडप भसकन उघडेल आणि गाडी उड्या मारील. शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरला नवं माप शिकवावं लागेल, नाहीतर इंजिन एका जागी धड उभंही राहणार नाही. एवढं सगळं सांगून त्यांनी विषय संपवला.

मास्तरांचा नव्हता संपला. "गिऱ्हाईक मी आहे. मी म्हणतो बसवा."

"मास्तर, तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता?"

"कधीच नाही. गिऱ्हाइकाला काय कळतं?"

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

मास्तरांचा पारा चढला. गळ्याचं माप त्यांना मिस्त्री शिकवणार? सव्वीस वर्षांत किती गळे कापले होते त्यांनी! तुम्ही नाही बसवत तर मी बसवतो, असं ते गाडीखालून बाहेर आलेल्या दोन बुटांना ठणकावून सांगून आले. जुन्या सामानाच्या वखारीतून त्यांनी त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा थ्रॉटल शोधून आणला. चारही भोकं बरोबर जुळत होती, वायरचा प्लगही तोच. बसवायला एक अख्खा दिवस लागणार होता. शुक्रवारचा दिवस मोकळा हवा, म्हणून मास्तरांनी बुधवारी कोट कापला, गुरुवारी शिवला आणि संध्याकाळी काजांसाठी वहिनींच्या पुढ्यात टाकला. वहिनींनी तो उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

शुक्रवारी अडचण आली ती जोडाची. पंख्याकडून येणारा पाइप बारीक आणि नवा थ्रॉटल रुंद, त्यामुळे मधला जुना रबरी जोड काही केल्या चढेना. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणत होता की अमुक मापाचा तयार जोड मागवा. तयार हा शब्द ऐकताच मास्तरांनी मोबाइल बंद केला. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता, अशा वस्तूला शिवणकामात बाही म्हणतात आणि बाह्या त्यांनी हजारांनी शिवल्या होत्या. रबर चढवलेल्या जाड कॅनव्हासचे तीन थर घेऊन त्यांनी खडूने आखणी केली आणि बॅगा शिवायच्या मशीनवर इंजिनाची बाही शिवली. दुहेरी शिलाई, वरून रबराचं सोल्यूशन. आणि सवयीप्रमाणे सगळीकडून अर्धा इंच माया ठेवली. शिवणीत थोडं कापड जास्तीचं ठेवायचं, पुढेमागे सैल करायला उपयोगी पडतं, हा त्यांच्या गुरूंचा पहिला धडा होता. बाही पाइपवर सैल बसली तेव्हा जास्तीचं कापड त्यांनी सुबक चुण्यांमध्ये घेतलं आणि वरून लोखंडी पट्टी आवळली. दिसायला इतकं छान झालं की त्यांनी वहिनींना बोलावून दाखवलं. वहिनींनी चुण्या सारख्या आल्यात एवढंच म्हटलं.

मग मास्तरांनी मिस्त्रींना फोन केला. कोट गॅरेजवर नाही, तंत्रशाळेतच मिळेल, मी चढावरून आणतो, असं त्यांनी बजावलं. खरं तर कोट पायथ्याशी देणं सोयीचं होतं. पण मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत गॅरेजवरून वर झेपावायचं, एकदा नाही तर तीनदा, असा मास्तरांचा बेत होता. तंत्रशाळा दुकानापासून पंधरा मिनिटांवर होती. तीन फेऱ्यांचा हिशेब धरून ते शनिवारी सकाळी साडेआठलाच निघाले.

कोटाला सुरकुती पडू नये म्हणून तो दुकानातल्या पुतळ्याला घातला होता, आणि पुतळा मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. पुतळ्याला डोकं नव्हतं. मास्तरांनी गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली. मास्तरांचा पाय पॅडलवर नव्हताच.

"हे असं का करतंय?" वहिनींनी विचारलं.

"श्वास घेतेय. इतके दिवस कोंडला होता."

त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाबावं इतकं हलकं पॅडल दाबलं आणि गाडीने उडी मारली. समोर केराचा डबा होता, तो आडवा झाला. मास्तरांनी घाबरून पाय उचलला तशी गाडी गचकन थांबली आणि पुतळ्याने मागून वहिनींच्या सीटला धडक दिली. गल्लीतल्या माणसांनी दुकानांच्या पायऱ्या गाठल्या. अशा आठदहा उड्या मारत, मध्येच नम्रपणे कमरेत वाकणारा पुतळा घेऊन, ते मुख्य रस्त्याला लागले. मास्तरांच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. या उड्या म्हणजेच ताकद, असं त्यांचं मत होतं. वहिनी मागे वळून कोटाच्या बटणांवर हात धरून बसल्या होत्या.

गॅरेजच्या दारात मिस्त्री पांढराशुभ्र शर्ट घालून चहा पीत उभे होते. मास्तरांनी लांबलचक हॉर्न वाजवला, काच खाली केली, एक हात बाहेर काढला आणि पॅडल खालपर्यंत दाबलं. आता खरं सांगायचं तर गाडी निघाली झकास. पंखा शिट्टी घालायला लागला, सीटने पाठीला रेटा दिला, आणि विजेचे तीन खांब मागे पडेपर्यंत मास्तर या पृथ्वीवरचे सर्वांत सुखी शिंपी होते. चौथ्या खांबापाशी बोनेटखाली फाडकन आवाज झाला, मागोमाग एक मोठा सुस्कारा आला, आणि गाडी चढावर बंद पडली.

खाली गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तो आवाज ऐकला. त्यांनी उरलेला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि खिशात स्क्रूड्रायव्हर घालून ते चढाला लागले.

वर मास्तरांनी दगड लावून गाडी थोपवली होती आणि बोनेट उघडून ते आत बघत होते. वहिनींनी मिस्त्रींना फोन करते म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. काही झालेलं नाही, थंड होऊ दे, आपोआप चालेल, असं ते सांगत होते. वहिनींनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. ते पाहणं मास्तरांना दिसलं. सोमवार परवावर आला होता. समोरच्या दुकानात, काचेच्या मागे बसलेल्या वहिनी त्यांना लख्ख दिसल्या. "मी कोट घेऊन चालत जातो," ते पुटपुटले. "पळत जातो." एवढ्यात मिस्त्री येऊन पोचले.

त्यांनी इंजिनाच्या कोपऱ्यात पडलेली वस्तू दोन बोटांनी उचलली. "हे काय आहे?"

"बाही."

"कोणाची?"

"इंजिनाची."

मिस्त्रींनी ती फिरवून फिरवून पाहिली. "आणि या चुण्या?"

"माया ठेवलीय अर्धा इंच. जास्तीचं चुण्यांत घेतलं."

"माया कशाला?"

"पुढेमागे अंग भरलं तर?"

मिस्त्री बराच वेळ पाइपकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांत अनेक पाइप त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यातल्या एकाचंही अंग कधी भरलं नव्हतं. पण आज चांगल्या दिवशी काही बोलायचं नाही, असं ठरवून त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. चुण्यांमधून दाबाची हवा शिरली आणि बाही पाइपवरून निसटली, एवढंच झालं होतं. वहिनींनी पर्समधून कात्री दिली. मिस्त्रींनी जास्तीची माया कापायला सुरुवात केली तेव्हा मास्तरांनी तोंड फिरवलं. बाही पुन्हा चढली, पट्टी आवळली गेली, आणि मिस्त्रींच्या पांढऱ्या शर्टावर काळी बोटं उमटली.

"हे काही खरं नाही," मिस्त्री म्हणाले. "पंखा जोरात फिरला की बाही परत उडणार. तेव्हा त्याला जागा करायचा नाही. इंजिनाच्या वेगाचा हा काटा दोनच्या वर गेला तर मी उतरून चालत जाईन."

अशी ती वरात निघाली. मास्तरांनी बूट काढून ठेवला आणि पायाच्या करंगळीने पॅडल चालवायला घेतलं. मागे मिस्त्री आणि पुतळा शेजारी शेजारी बसले होते. शर्टावरचे डाग झाकायला मिस्त्रींनी पुतळ्याचा कोट उतरवून गाडीतच अंगात घातला, आणि पुतळा उघडा पडला. दोन पिशव्या घेतलेल्या एका म्हातारीने त्यांना मागे टाकलं. वळणावर ती दम खायला थांबली तेव्हा ते पुढे गेले, पण तिने लगेच पुन्हा गाठलं आणि आत वाकून, मागच्या माणसाला दवाखान्यात नेताय का, अशी चौकशी केली. तिचा रोख पुतळ्यावर होता.

"पोचतो का आपण?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"निघालात किती वाजता?" मिस्त्रींनी मागून विचारलं.

"साडेआठ."

"तुम्ही? साडेआठला?"

 वहिनींनी पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि त्या खिडकीतून बाहेर बघत कसलातरी विचार करायला लागल्या.

तंत्रशाळेच्या आवारात गाडी शिरली तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सभागृहात अजून खुर्च्या मांडत होते. मास्तर दारात थबकले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सभागृह कसं दिसतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आपण चुकीच्या दिवशी आलो की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं.

कोट मिस्त्रींना असा बसला होता की त्यांचे हात पहिल्यांदाच अंगापासून मोकळे राहिले. भाषणाला उभे राहिल्यावर आधी ते घामाघूम झाले. मग त्यांनी खिशातून एक वस्तू काढली. आल्याआल्या त्यांनी ती इंजिनावरून सोडवून घेतली होती. ती पाहताच त्यांना शब्द सुचायला लागले. पंख्याने दाबलेली हवा फट कशी शोधते, मापाची वस्तू मापाचीच का हवी, दार रुंद केल्याने बोळ रुंद का होत नाही, हे त्यांनी असं सांगितलं की मुलं पुढे सरकून बसली. ही वस्तू कोणी केली ते काही त्यांनी सांगितलं नाही. ती हातोहात पहिल्या रांगेतून मागे फिरायला लागली, आणि चुण्यांपाशी आल्यावर प्रत्येकजण हसत होता.

शेवटच्या रांगेत मास्तर उभे राहिले. वहिनींनी त्यांचा सदरा मागून ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"मी केलीय ती," ते म्हणाले. "हसताय ते हसा. पण शिलाई बघा."

सगळ्या माना मागे वळल्या. ज्याच्या हातात बाही होती त्या शिक्षकाने चष्मा लावून शिवण तपासली, दोन्ही बाजूंनी ताणून पाहिली आणि मिस्त्रींकडे बघून मान हलवली. एवढ्या दाबाची हवा आतून फुटली होती, पण एक टाका उसवला नव्हता.

"तेही खरंच आहे," मिस्त्री आपल्या कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाले. "निसटली. उसवली नाही." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मास्तर टाळ्या संपेपर्यंत उभे राहिले आणि त्यानंतरही थोडा वेळ उभेच होते.

कार्यक्रमानंतर आवारात मिस्त्रींनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. सोमवारी गाडी घेऊन या, जुना थ्रॉटल पुन्हा बसवून देतो, झालं गेलं विसरून जाऊ, असं ते म्हणाले. मास्तरांनी हात झटकला. जगाने काही म्हणो, थ्रॉटल निघणार नाही, बाही नवीन शिवीन, या वेळी माया ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आता वहिनी तोंड उघडतील म्हणून दोघंही तिकडे बघायला लागले.

"राहू दे तो थ्रॉटल," वहिनी म्हणाल्या. "मिस्त्री, जोड तेवढा धड करून द्या."

मिस्त्री गोंधळले. "वहिनी, त्याने फरक काडीचाही पडत नाही हो."

"सव्वीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने कोट दोन दिवस आधी दिला. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला दीड तास आधी घराबाहेर पडला. आणि तुम्ही म्हणता फरक पडत नाही."

"बघा," मास्तर म्हणाले. "मी सांगत होतो. ऐकतंय कोण?"

वहिनींनी मिस्त्रींना चार पावलं बाजूला नेलं. पुढच्या महिन्यात तंत्रशाळेचे बारा सूट शिवायचे होते. गाडीत आणखी काय काय मोठं बसवता येतं, एकेक सुट्टं, त्याची यादी त्यांनी मागितली. मिस्त्रींनी कोटाच्या आतल्या खिशातून भाषणाचा कागद काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

सोमवारी सकाळी समोरच्या दुकानाच्या मालकाने दारातून हात केला. वहिनींनी काउंटरवरूनच नकाराची मान हलवली. त्यांच्या पुढ्यात ते जाडजूड गिऱ्हाईक नव्या शर्टाचं माप देऊन उभं होतं आणि शर्ट कधी मिळेल ते विचारत होतं. वहिनींनी खण उघडून मिस्त्रींच्या यादीवर नजर टाकली. गुरुवारी मोठा सायलेन्सर यायचा होता, म्हणजे मास्तर तो दिवस मोकळा ठेवणार.

"बुधवारी," त्या म्हणाल्या. नक्की म्हणायची गरज त्यांना वाटली नाही.